वळून हसायचं

४ ऑक्टोबर

ताई,

आईने काल भांडी पुसता पुसता मला विचारलं, “मी त्यात कशी दिसते गं?” याचं उत्तर मला देता येत नाही. कालपासून शोधते आहे, सापडत नाही. म्हणून चार वर्षांनी तुला लिहायला बसले. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर माझी वाचा गेली असती.

‘त्यात’ म्हणजे सिनेमात. आपली आई सिनेमात आहे. हसू नकोस. नऊ मिनिटांचा भयपट आहे, आम्ही मूठभर माणसांनी केलेला. येत्या पंचवीस तारखेला तो इथल्या लघुपट महोत्सवात दाखवणार आहेत, आणि आई तो बघायला यायचं म्हणते. निळे कपडे तिने आत्ताच इस्त्री करून दाराच्या मागे लटकवलेत.

तू म्हणशील, ही बया सिनेमात कुठून शिरली. पदवीच्या शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजात एक दिग्दर्शक शिकवायला यायचे. आम्ही त्यांना सर म्हणतो. ते म्हणायचे, सिनेमाला मोठा दिवाणखाना नको, खरा माणूस पाहिजे. त्यांचा आवडता शब्द ‘अस्सल’. मी त्यांचं प्रत्येक वाक्य वहीत उतरवलं. आपल्या घरात पहिल्यांदा कुणीतरी पदवी घेतली होती, आणि ती घेऊन मी काहीतरी खरं करणार होते. कारकुनी करणार नव्हते. तेव्हाची मी तुला आठवतच असेन. तुझ्याशी भांडले तीच.

तर सरांच्या या सिनेमात मी नोंदवही सांभाळते. आधीच्या शॉटमध्ये कप टेबलाच्या कुठल्या कोपऱ्यात होता, मुलीचे केस कुठल्या खांद्यावर होते, ते लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये घोळ होत नाही. शिवाय संहिता टाइप करणं, चहा करणं, फरशी पुसणं. फरशीचं काम सर्वांत मोठं होतं. एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा होता, अशा मधल्या दहा दिवसांसाठी आम्हाला तिसऱ्या मजल्यावरची एक रिकामी जागा मिळाली होती. रक्त आम्ही साखरेच्या पाकात लाल रंग आणि कॉफीपूड कालवून करायचो. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या, तिसऱ्या दिवशी माश्या. चालताना चपला फरशीला चिकटून चपचप वाजायच्या. आमचा आवाजवाला, ज्याला सगळे हेडफोन म्हणतात, तो ओरडायचा, “अरे, भूत येतंय की कुणी गूळ चाटतंय?” घरी आले की आधी मोजे धुवायचे, तरी तो गोड कुजका वास पायाला असायचाच.

आमचं भूतही टिकेना. मेकप करणारी बाई आहे, तिला आम्ही रंगारीण म्हणतो. तिने जिलेटिन आणि कापसाचा चेहरा बनवला होता. दिव्यांच्या उष्णतेने तो तासाभरात गळ्यापर्यंत ओघळला. दुसरा केला, तोही ओघळला. जी मुलगी भूत झाली होती तिला डिंकाची पुरळ उठली, डोळे सुजले, आणि पाचव्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. जाताना म्हणाला, “असल्या घाणीत माणसं राहतात तरी कशी?” मला तेव्हा त्याचा राग आला होता.

त्याच दिवशी आई आली. सामानावर टाकायला पांढऱ्या चादरी हव्या होत्या, त्या मीच तिच्या लाँड्रीतून इस्त्री करून मागवल्या होत्या. तीन जिने चढून ती दारात उभी राहिली, हातात चादरींची चळत, आणि खिडकीतला उजेड तिच्या डाव्या बाजूवर. तुला ते वर्णन करून सांगायला नको. ओढला गेलेला डोळा, चकाकणारा गाल, ओठाचा तो कोपरा जो लाँड्रीतली वाफेची नळी फुटल्यापासून हलत नाही. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, मी चार. मला आई अशीच माहीत आहे.

सर कॅमेऱ्याच्या भिंगातून बघत होते. डोळा न काढता त्यांनी विचारलं, “हे काय आहे?”

मी म्हटलं, “माझी आई आहे, सर.”

‘हे काय’ म्हणाले होते ते. मी ऐकलं होतं.

मग ते उठले, तिच्यासाठी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, तीन जिन्यांबद्दल माफी मागितली. मला बाजूला घेऊन म्हणाले, “राजा, तुझ्या आईच्या चेहऱ्यावर सगळं आयुष्य आहे. मी एक छोटी भूमिका लिहितो. खिडकीशी बसलेली आई. लेक घरी आली की वळून हसते. बस्स.”

मला वाटलं, ते खरंच आईची भूमिका लिहितायत.

तुझी,
धाकटी


८ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर नाही आलं. यायला हवं असंही नाही.

पुढचं सांगते. मागच्या आठवड्यात हेडफोनच्या खोलीत ओळखीच्या वीसेक जणांना सिनेमा दाखवला. पडद्यासाठी भिंतीवर आईनेच इस्त्री केलेली चादर ताणली होती, एक सुरकुती नव्हती तिच्यावर.

गोष्ट एवढीच. एक मुलगी नवीन जागेत राहायला येते. आतल्या खोलीतून तिला कुणीतरी गुणगुणल्याचं ऐकू येतं. सहाव्या मिनिटाला ती दार ढकलते. खिडकीशी पाठमोरी बाई बसलेली. बाई हळूच वळते. आणि हसते. तिथे हेडफोनने लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्याचा आवाज उलटा करून घातला आहे.

वीस माणसं एकदम किंचाळली, ताई. एका मुलीच्या हातातला पेला मांडीवर सांडला. मग हशा. घाबरून झाल्यावर माणसं कशी हसतात, तसा. कुणीतरी ओरडलं, “बाप रे, काय थोबाड आहे! पुन्हा लाव, पुन्हा लाव!” मागे सरकवून तीनदा लावलं. तीनदा आई वळली आणि तीनदा हसली. तिसऱ्या वेळी एक जण तिची नक्कल करत वळून दाखवत होता, ओठाचा कोपरा बोटाने खाली ओढून.

सर उठून उभे राहिले. “एक सांगतो. मेकप शून्य. थेंबभर डिंकसुद्धा नाही. अस्सल.”

टाळ्या पडल्या.

रंगारीण उठून बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. मला म्हणाली, “ती तुझी सख्खी आई ना?”

“हो.”

“माझं भूत वितळलं तेव्हा मी रडले होते. मूर्खच. वितळलं हेच बरं होतं त्याचं. संध्याकाळी तोंड धुतलं की पोरगी परत पोरगी व्हायची.” आणि तिने विचारलं, “तुझी आई काय धुणार?”

मग ती म्हणाली, “माझं नाव काढायला सांगितलंय मी सरांना. तसाही मेकप शून्य आहे ना! मग माझं काय काम त्यात?” आणि चपला घालून निघून गेली. तिची पेटी अजून हेडफोनच्या खोलीत पडून आहे.

परवा सरांकडे गेले तर त्यांनी भिंतीवर जाहिरातीचं चित्र लावलेलं होतं. आईचा चेहरा, माझ्या हाताएवढा लांब. खाली लिहिलंय, ‘तिच्याकडे बघू नका.’ म्हणाले, “कसं वाटतंय, राजा? शहरभर लावायचं.” मला ओकारी आली. खरंच आली, मी त्यांच्या मोरीत जाऊन ओकले, आणि बाहेर येऊन म्हटलं, सकाळपासून पोट बिघडलंय. ते म्हणाले, लिंबू चोख.

या माणसाच्या वाक्यांनी माझ्या दोन वह्या भरल्यात.

आई लाँड्रीत सगळ्यांना सांगत सुटली आहे. तिच्याबरोबर घड्या घालते ती बाई, आणि कॉलर घासते ती, दोघी पंचवीस तारखेला येणार आहेत. घडीवाली मला रस्त्यात म्हणाली, “आता तुझी आई आम्हाला ओळख देते की नाही बघू.” आई मागे उभी राहून हसत होती. तेच हसणं, ताई. तोच ओठ.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगू?

धाकटी


१३ ऑक्टोबर

ताई,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. त्या मी इतक्यांदा वाचल्या आहेत की आता डोळे मिटूनही दिसतात.

“तुझी दोन्ही पत्रं वाचली. लग्नात फोटो उजव्या बाजूनेच घ्यायचे, हे आईनेच मला सांगितलं होतं. तुला सांगू नको असंही. म्हणाली, धाकटीला कळलं तर भाषण देईल. तिला खरं सांग, मग मला लिही.”

तुझ्या लग्नात, सगळ्यांसमोर, फोटोवाल्याच्या हातातला दिवा धरून मी जे बोलले होते ते मला शब्द न शब्द आठवतंय. तुला आईची लाज वाटते, म्हणाले. ज्या चेहऱ्याने तुला वाढवलं तो तुला फोटोत नको, म्हणाले. तू गप्प उभी होतीस. आई माझा दंड धरून ओढत होती आणि मला वाटत होतं, बिचारी घाबरली आहे, तिच्या वतीने मलाच बोललं पाहिजे. चार वर्षं मी तो प्रसंग मैत्रिणींना सांगत आले. माझी छाती फुगायची सांगताना. आता आठवलं की अंग घासून काढावंसं वाटतं.

तू मला उलट काही बोलली नाहीस, तिला दिलेल्या शब्दासाठी. चार वर्षं.

आता मी पहिल्या दोन पत्रांत जे लिहिलं नाही ते लिहिते.

मला माहीत होतं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की मला वाटलं आईची भूमिका आहे. खोटं. संहिता मी टाइप केली होती. सहावं मिनिट, त्याखाली स्वच्छ लिहिलेलं: ‘ती वळते. चेहरा. प्रेक्षक किंचाळले पाहिजेत.’ सरांनी आईच्या भूमिकेचं जे सांगितलं त्यासाठी त्यातला एक शब्दही बदलला नाही, आणि बदलला नाही हे मला दिसत होतं. नोंदवहीत त्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे, ‘भूत वळते, हसते. सहा टेक. पाचवा ठेवला.’ भूत हा शब्द लिहिताना माझा हात अडखळला नाही. मी अक्षर छान काढलं आहे.

मी स्वतःला काय समजावलं सांगू? की भीती वाटणं ही पायरी आहे, त्यातून माणसं विचार करतील, त्यांच्या मनातली किळस त्यांनाच दिसेल. एवढा मोठा विचार. सरांनी शिकवलेला. पुढे दिसत होतं ते मात्र एवढंच की शेवटी काळ्या पडद्यावर माझं नाव येणार आहे.

त्या दिवशी आईने मला हळूच विचारलं होतं, “कुठल्या बाजूने घेणार गं?” तू आता जे लिहिलंस ते तेव्हा माहीत असतं तर त्या प्रश्नाचा अर्थ मला कळला असता. नव्हतं माहीत, पण प्रश्न सरळच होता, नाही का? मी म्हटलं, “आई, आपण कुणापासून काही लपवायचं नाही.” ती म्हणाली, “बरं.” भाषण दिलंच मी.

मग वळल्यावर बघायचं कुठे ते तिला जमेना. ती कॅमेऱ्याकडे बघून बावरायची, चेहरा आखडायचा. चार टेक वाया गेले. तेव्हा मीच सुचवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, सर, मी भिंगाच्या खाली बसते, तिला म्हणावं माझ्याकडे बघ. सर म्हणाले, “वा, राजा!” मी कॅमेऱ्याच्या पायांमध्ये उकिडवी बसले, फरशीवरचा चिकट पाक गुडघ्यांना लागत होता. आई वळली, मला बघितलं, आणि हसली. मी शाळेतून यायचे तेव्हा हसायची तशी. तो पाचवा टेक.

टाळ्यांचं राहिलं. मी लिहिलं, टाळ्या पडल्या. त्यांत माझ्याही होत्या.

आणि अजून एक आहे, सर्वांत घाण. सिनेमात जो दिसतो त्या प्रत्येकाचं सहीचं संमतिपत्र महोत्सवाला द्यावं लागतं. आईचं संमतिपत्र मी घरी भरलं, आणि तिची सही मीच केली. घरातला प्रत्येक कागद मीच भरते ना, सातवी-आठवीपासून. तिला सही येते, ताई. मीच शिकवली होती. पण ती एकेक अक्षर काढते, जिभेचं टोक बाहेर येतं, खिडकीपलीकडचे कारकून सुस्कारे टाकतात. म्हणून मीच करायला लागले, तिच्या वळणाची. कुणाला फरक कळत नाही. त्या दिवशी ती माझ्या शेजारी बसून शर्टांची बटणं लावत होती. “कसला कागद?” म्हणाली. मी म्हटलं, “काही नाही, नेहमीचाच.”

घाईत होते म्हणून केली, असं मी आजवर मनाशी म्हणत होते. घाई नव्हती. तिला सही करायला दिली असती तर काय लिहिलंय ते वाचून दाखवावं लागलं असतं.

रविवारी सांगते तिला.


१७ ऑक्टोबर

ताई,

सांगितलं. म्हणजे दाखवलं. बोलून सांगायची हिंमत झाली नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर हेडफोनचा लॅपटॉप टेबलावर ठेवला. आईने हात धुतले, पदर नीट केला, जणू तिकडून तिलाही कुणी बघणार होतं. मी आवाज बंद केला होता. बिघडलाय म्हटलं.

आवाजाशिवाय तो सिनेमा वेगळाच आहे. एक मुलगी दार उघडते. एक बाई खिडकीशी बसली आहे. बाई वळते आणि कुणालातरी बघून तिला आनंद होतो. एवढंच दिसतं. आई स्वतःला बघून हसली. “बरी दिसते की मी! उगाच घाबरत होते.” मग म्हणाली, “तू नाही दिसत मात्र. खालीच बसली होतीस ना?”

ताई, मी तिथेच थांबू शकले असते. लॅपटॉप मिटून म्हटलं असतं, छान आलंय ना, आणि पंचवीस तारखेला काहीतरी आजारपण काढलं असतं. माझ्या मनात ते येऊन गेलं.

“आवाज लाव की,” ती म्हणाली. “कोपऱ्यात काट मारलेला कर्णा दिसतोय. तूच बंद केला असशील.”

मी लावला.

कपाट ओढल्याचा तो आवाज झाला तेव्हा तिने टेबलावरचा हात झटकन मागे घेतला. पुढची तीन मिनिटं ती मुलगी जिन्यावरून पळत खाली जाते, पडते, किंचाळते. आईने सगळं शेवटपर्यंत बघितलं. माझं नाव आलं. तिने ते बोट ठेवून वाचलं.

मग म्हणाली, “म्हणजे मी ती.”

“कोण?”

“जिला घाबरायचं ती.”

मी रडायला लागले. ती रडली नाही. म्हणाली, “उठ, नाक पूस. माणसं घाबरतात ते मला ठाऊक आहे. दुकानात बायका पोरांची तोंडं फिरवतात. वीस वर्षं झाली, त्याचं काही वाटत नाही आता.” ती बराच वेळ बोटांनी टेबलाची कड पुसत राहिली. “पण मी तुला बघून हसले होते गं.”

बाकी काही नाही. एवढं एकच वाक्य.

मी सही सांगितली. तू कार्डात लिहिलेलं सांगितलं. लग्नातलं ऐकून ती म्हणाली, “थोरलीने शेवटी सांगितलंच का?” आणि पहिल्यांदा डोळ्यांना पदर लावला. तुझ्यासाठी लावला, माझ्यासाठी नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, “राहू दे तो सिनेमा. तुझं नाव आलंय त्यात. मोठं आलंय.”

आणि मला हायसं वाटलं. हे तुला लिहिलं नसतं तरी चाललं असतं, कुणाला कळलं नसतं. पण वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं. आईने माफ केलं, सिनेमा लागणार, माझं नाव येणार. त्या रात्री मी गाढ झोपले.


२१ ऑक्टोबर

ताई,

मंगळवारी कोपऱ्यावर घडीवाली भेटली. म्हणाली, “काय गं, सिनेमा रद्द झाला म्हणे? आम्ही दोघींनी अर्धी सुट्टी काढली होती, ती परत केली.”

“कोण म्हणालं?”

“कोण म्हणजे? तुझी आई. म्हणाली, मशीन बिघडलं.”

आपली आई खोटं बोलली, ताई. गिऱ्हाइकाच्या शर्टाला डाग राहिला तर जी स्वतः चिठ्ठी लिहून खिशात ठेवते, ती. घरी आले तर निळे कपडे दारामागे नव्हते. घडी करून खाली, थंडीच्या कपड्यांच्याही खाली ठेवलेले.

‘राहू दे’ म्हणजे काय, ते मला दारामागचा रिकामा खिळा बघून कळलं.

मी संमतिपत्राचा एक कोरा कागद काढला आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, “आई, हे मी तेव्हा वाचायला हवं होतं. आता वाचते. मग तू सांग.” पहिल्या ओळीपासून वाचलं. तिने बटणांचा डबा बाजूला ठेवला. मधे एका जागी म्हणाली, “थांब. ‘कोणत्याही स्वरूपात वापरण्यास’ म्हणजे?”

“म्हणजे त्यांना हवं तसं. चित्रात, जाहिरातीत, कुठेही.”

“भिंतीवर?”

“भिंतीवरही.”

“आणि मी मधेच नको म्हटलं तर?”

“तर चालणार नाही, असं पुढे लिहिलंय.”

तिने चष्मा काढून ठेवला. “मग नाही करत सही.”

“माझं नाव आहे म्हणून जर तू...”

“तू विचारलंस ना आता? विचारलंस तर ऐक. नाही म्हणते मी.” मग म्हणाली, “तू केलेली ती कुठे आहे? बघू दे.” माझ्याकडे त्या संमतिपत्राची प्रत होती. तिने ती उजेडात धरून बघितली. “माझ्यापेक्षा बरी काढलीस,” म्हणाली, आणि परत दिली. एवढं मला आजवर कुणी मारलं नव्हतं.

सरांना मी बुधवारी सकाळी सांगितलं. ते आधी शांत होते. म्हणाले, “आईंना घेऊन ये, मी समजावतो. मेकप केलाय असं छापू हवं तर.” मी म्हटलं, “ती नाही म्हणाली, सर.” म्हणाले, “त्यांना कळलं नसेल, राजा.” म्हटलं, “पूर्ण वाचून दाखवलं. कळलं म्हणूनच नाही म्हणाली.” मग त्यांचा आवाज चढला. “सगळ्यांचं वर्षभराचं काम आहे हे! तुझ्या एका आईसाठी?” ‘एका आईसाठी’. जशी दुसरी कुठे ठेवली आहे. मी त्यांच्या वाक्यांच्या दोन्ही वह्या तिथेच टेबलावर ठेवल्या आणि निघाले.

ते एक वेळ सोपं होतं. हेडफोनचं सोपं नव्हतं. त्याचाही हा पहिलाच सिनेमा. तो कपाटाचा आवाज जमवायला त्याला अकरा दिवस लागले होते. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू हे आधी नाही म्हणू शकली असतीस? त्या पाचव्या दिवशी?” तो म्हणाला, “जा आता. लॅपटॉप ठेव आणि जा.” तो माझ्याशी पुन्हा बोलेल असं वाटत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. रंगारिणीची पेटी तेवढी मी उचलून तिच्या घरी पोचवली.

काल, गुरुवारी, अकरा वाजता महोत्सवाच्या कार्यालयात गेले. टेबलामागे एक बाई होत्या, कागदांना टाचण्या लावत. मी सांगितलं की आमच्या सिनेमातल्या एका संमतिपत्रावरची सही खोटी आहे.

त्यांनी वर बघितलं. “कुणी केली?”

“मी.”

“हे तुम्हाला लेखी द्यावं लागेल. सिनेमा यादीतून जाईल. आणि तुमचं नाव ज्यात असेल तो सिनेमा पुढची काही वर्षं आम्ही घेणार नाही. कल्पना आहे ना?”

“लेखीच आणलंय.”

पत्र आदल्या संध्याकाळी लिहिलं होतं. आईला दोनदा वाचून दाखवलं. त्यात मी एका जागी ‘अनवधानाने’ लिहिलं होतं, तिने तो शब्द काय म्हणून विचारला, मी अर्थ सांगितला, ती म्हणाली, “तसं कुठे झालं? तू तर बघून केलीस.” मी तो खोडला. मग तिने पेन मागितलं आणि खाली आपली सही केली. वेळ लागला. जिभेचं टोक बाहेर आलं होतं. मी गप्प बसून राहिले, सुस्कारा टाकला नाही. तिच्या सहीच्या खाली मी माझी केली.

टेबलामागच्या बाईंनी दोन्ही सह्या बघितल्या, आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि पोच दिली. सिनेमा यादीतून काढल्याचा कागद आज दुपारी त्यांच्या फलकावर लागला. सरांच्या भिंतीवरचं ते चित्र अजून आहे, ते माझ्या हातात नाही. शहरभर मात्र ते लागणार नाही. आई आज नेहमीच्या वेळेला कामावर गेली. घडीवालीला काय सांगायचं ते ती ठरवेल.

‘मी त्यात कशी दिसते’ या तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजूनही दिलेलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

तू रागावशील, निदान मला विचारायचं तरी, म्हणशील. म्हणून सांगते, हे पत्र सल्ल्यासाठी नाही. महोत्सवाला द्यायचं ते पत्र काल अकरा वाजून वीस मिनिटांनी देऊन झालं आहे.

धाकटी